भोंगा वाजला की काय करायचं?

“लोकांना सगळं सांगत बसलो तर घबराट पसरेल.” रासायनिक कारखान्यांच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की हे वाक्य येतंच. कारखान्याचे व्यवस्थापक म्हणतात, सरकारी अधिकारी म्हणतात, आणि अलीकडे शिकलीसवरलेली शेजारीपाजारी मंडळीही म्हणू लागली आहेत. त्याच्या जोडीला आणखी तीन गोष्टी ऐकवल्या जातात. साठ्यांची माहिती उघड केली तर घातपात करणाऱ्यांचं फावेल. कारखाने आधी होते, वस्ती नंतर आली. आणि कारखानेच दूर हलवले की प्रश्न मिटला. मी सव्वीस वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या सुरक्षा विभागात काढली. यातलं पहिलं वाक्य मीही एके काळी खरं मानत होतो. आज मला चारही चुकीची वाटतात, आणि पहिलं तर जीवघेणं वाटतं.

आमच्याकडे क्लोरीनचे टोनर असत. एका टोनरमध्ये सुमारे ९०० किलो द्रवरूप क्लोरीन. नियमाप्रमाणे दर सहा महिन्यांनी मॉक ड्रिल व्हायचं. तारीख सगळ्यांना आधीच माहीत. सकाळी अकराची वेळ, म्हणजे जनरल शिफ्टचे सगळे हजर. भोंगा वाजायचा, कामगार असेंब्ली पॉइंटवर जमायचे, हजेरी घेतली जायची, दोघे जण पाठीवर हवेचे सिलिंडर चढवून ‘गळक्या’ टोनरला किट बसवायचे. वीस-पंचवीस मिनिटांत सगळं आटोपून ‘ऑल क्लिअर’. मग चहा-वडा, आणि अहवालावर सह्या.

अशाच एका ड्रिलच्या दिवशी प्लांटवरची वाऱ्याची पिशवी कुंपणापलीकडे, नाल्याकडे फुगली होती. नाल्याच्या पलीकडे वस्ती. तिथल्या बायका नळावर पाणी भरता भरता आमच्याकडे बघत होत्या. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये कंत्राटावर काम करणाऱ्या, त्याच वस्तीतल्या एका बाईंनी मला विचारलं, “साहेब, काल भोंगा वाजला. आम्ही काय करायचं होतं?” मी म्हटलं, “काही नाही मावशी, सराव होता.” त्या म्हणाल्या, “आणि खरा वाजला तर?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या आपत्कालीन योजनेची जाडजूड इंग्रजी फाइल कपाटात होती. तीत कामगारांनी काय करायचं, कोणाला फोन लावायचा, कोणता व्हॉल्व्ह कोणी बंद करायचा, सगळं होतं. वस्तीबद्दल एक ओळ होती: जिल्हा प्रशासनाला कळवणे. पुढच्या सुरक्षा समितीच्या बैठकीत मी मावशींचा प्रश्न मांडला, तेव्हा मला हेच घबराटीचं वाक्य ऐकवण्यात आलं. मी गप्प बसलो. ते गप्प बसणं अजून सलतं.

लोकांना माहिती देणं ही कुणाची मेहेरबानी नाही, हे मला कळायला त्यानंतर बराच काळ गेला. घातक रसायनांचं उत्पादन, साठवण आणि आयात यांविषयीचे नियम केंद्र सरकारने १९८९ साली केले. त्यातल्या तेराव्या नियमाने कारखान्याच्या आतली आपत्कालीन योजना कारखानदारावर टाकली. चौदाव्याने कुंपणाबाहेरची योजना, जिला सगळे ‘ऑफसाइट प्लॅन’ म्हणतात, ती जिल्हा प्रशासनावर टाकली, आणि वर्षातून किमान एकदा तिचा सराव घ्यायला सांगितलं. पंधरावा नियम तर सरळ आपल्या विषयावर आहे. मोठ्या अपघाताची झळ ज्यांना पोचू शकते त्या बाहेरच्या लोकांना धोक्याचं स्वरूप काय आहे, आणि अपघात झाला तर काय करायचं, काय टाळायचं, हे आधीच कळवलं पाहिजे. १९८७ साली कारखाने अधिनियमात घातलेल्या कलम ४१ ब मध्येही माहिती कोणाला द्यायची, त्या यादीत कामगार आणि स्थानिक संस्थांच्या बरोबरीने परिसरातली जनता होती. १९९६ च्या रासायनिक अपघातांच्या नियमांनी आणखी पुढे जाऊन जिल्हा आणि स्थानिक पातळीवर आपत्ती गट नेमायला लावले. परिसरातल्या संभाव्य अपघाताची माहिती मागणाऱ्याला देणं आणि लोकांना शिकवणं हे या स्थानिक गटांचं काम म्हणून लिहून ठेवलं. घबराटीचा विचार करणारी माणसं तेव्हाही होती. कायदा करणाऱ्यांनी त्यांचं ऐकलं नाही, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर भोपाळ होतं.

भोपाळला २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट सुटलं. बाहेरच्या लोकांसाठीचा भोंगा थोडा वेळ वाजवून बंद केला गेला. छोट्यामोठ्या गळतीने आसपासच्या लोकांनी बिथरू नये म्हणून कंपनीने कार्यपद्धतीच तशी ठेवली होती. तो पुन्हा जोरात वाजला तोवर वायू वस्तीत शिरला होता. लोक वाऱ्याच्याच दिशेने धावले, धावताना खोल श्वास घेत राहिले, आणि रस्त्यात कोसळले. ओलं फडकं नाकातोंडावर धरलं असतं तर पुष्कळांचा जीव वाचू शकला असता, हे नंतर अनेक जाणकारांनी सांगितलं. फडकं प्रत्येक घरात होतं, पाणीही होतं, फक्त सांगणारं कोणी नव्हतं. हमीदिया रुग्णालयाच्या डॉक्टरांना हा वायू नेमका कोणता हेसुद्धा धड कळवलं गेलं नव्हतं. माणसं घाबरू नयेत म्हणून भोंगा बंद करणं म्हणजे काय, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

हे जुनं झालं असं कोणी म्हणेल. ७ मे २०२० रोजी पहाटे विशाखापट्टणमच्या आर. आर. व्यंकटपुरममध्ये एलजी पॉलिमर्सच्या टाकीतून स्टायरीनची वाफ सुटली. १२ माणसं गेली. लोक झोपेतून उठून पळाले आणि वाटेत बेशुद्ध पडले. राज्य सरकारने नेमलेल्या उच्चाधिकार समितीला काय आढळलं? धोक्याचा भोंगा ३६ ठिकाणांहून वाजवता येण्याची सोय कारखान्यात होती. तो वाजवला गेला नाही. भोपाळनंतर ३५ वर्षांनी, सगळे नियम कागदावर असताना, भोंग्याचं बटण दाबलं गेलं नाही. सवयच नसेल, शेजाऱ्यांशी भोंग्याबद्दल कधी बोलणंच झालं नसेल, तर ऐन वेळी ते दाबायचं धाडस शिफ्टमधल्या माणसाने कुठून आणायचं? बाहेरच्यांना काय वाटेल ही भीती त्याच्याही मनात मुरलेली असते.

गिरणगावात वाढलेल्या माणसाला भोंगा काय असतो हे सांगावं लागत नसे. कोणता भोंगा कोणत्या गिरणीचा, पहिला कोणता, दुसरा कोणता, हे घराघरात ठाऊक होतं. चुलीवरचा चहासुद्धा त्या आवाजावर उतरायचा. तेव्हा भोंग्याचा अर्थ शिकणं आपल्या लोकांना अवघड आहे, असं कोणी मला सांगू नये.

आता घबराटीचं बोलू. संकटात माणसांचा जमाव भान हरपून सैरावैरा होतो, ही समजूत सिनेमातून आली आहे. एन्रिको क्वारान्टेली या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आपत्तीतलं माणसांचं वागणं अनेक दशकं अभ्यासलं. खरी घबराट क्वचितच आढळते, बहुतेक लोक घरच्यांना शोधतात, शेजाऱ्याला हात देतात, आणि हाती असलेल्या माहितीवर शहाणा निर्णय घेतात, असं त्यांना दिसलं. त्यासाठी अमेरिकेतही जायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रुझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मुंबई कशी वागली हे आपण पाहिलं आहे. अनोळखी माणसांनी साखळ्या धरून एकमेकांना पाण्यातून काढलं, घरात घेतलं, खाऊ घातलं. अशा लोकांना तुम्ही एक पानभर माहिती देऊ शकत नाही, कारण ते घाबरतील? मला हा त्यांचा अपमान वाटतो.

आणि माहिती आधीच का हवी? कारण प्रत्येक रसायन वेगळं वागतं. क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड. ते जमिनीलगत सरकतं, सखल भागात, नाल्यात, तळमजल्यावर साचतं. अशा वेळी वाऱ्याला आडवं जाणं, वरच्या मजल्यावर चढणं, दारं-खिडक्या बंद करून फटीत ओली कापडं कोंबणं उपयोगाचं. एलपीजी गळत असेल तर काडी पेटवायची नाही, विजेचं बटणही दाबायचं नाही. आणि स्फोटाचा धोका असेल तर पहिली गोष्ट म्हणजे काचेपासून दूर व्हायचं. ४ ऑगस्ट २०२० ला बैरूतच्या बंदरात २,७५० टन अमोनियम नायट्रेटच्या साठ्यापाशी आग लागली. लोक खिडक्यांत आणि गच्च्यांवर उभे राहून मोबाइलवर धुराचं चित्रीकरण करत राहिले, आणि मग स्फोट झाला. आगीकडे बघायला खिडकीशी जाणं ही माणसाची स्वाभाविक ओढ आहे. ती मोडायची तर ‘धूर दिसला की खिडकीपासून लांब’ हे मुलांच्या अंगवळणी आधीच पडलेलं असायला हवं. घटना घडत असताना व्हॉट्सअॅपवर ते शिकवता येत नाही.

डोंबिवलीकरांना काचांचं वेगळं सांगायला नको. २६ मे २०१६ ला एमआयडीसीतल्या प्रोबेस एंटरप्रायझेसमध्ये स्फोट झाला तेव्हा दूरदूरच्या इमारतींच्या काचा रस्त्यावर आल्या. आठ वर्षांनी, २३ मे २०२४ ला, अमुदान केमिकल्समध्ये पुन्हा तेच. आग शेजारच्या कारखान्यांपर्यंत पसरली. दोन्ही वेळा माणसं मेली. मधल्या आठ वर्षांत त्या निवासी विभागातल्या किती घरांत ‘स्फोट झाला तर काय कराल’ असा एक तरी कागद पोचला? मी तिथल्या नातेवाइकांना आणि ओळखीच्या लोकांना विचारलं. एकालाही असा कागद मिळालेला नव्हता. जानेवारी २०१४ मध्ये तिथे हिरवा पाऊस पडला, फेब्रुवारी २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला, त्याच्या बातम्या देशभर गेल्या. पण कुठल्या कारखान्यात काय आहे हे शेजारच्या सोसायटीच्या अध्यक्षांना आजही ठामपणे सांगता येत नाही.

घातपाताचा मुद्दा मी झटकून टाकणार नाही. तो प्रामाणिकपणे मांडणारे लोक आहेत. पण मुंबई-पुणे महामार्गावर जाणारा कुठलाही रसायनाचा टँकर बघा. त्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना आत काय आहे ते नाव, संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक आणि आपत्कालीन दूरध्वनी लिहिलेला असतो. मोटार वाहन नियमांनी ते सक्तीचं केलं आहे, कारण टँकर उलटला तर अग्निशमन दलाला आणि आसपासच्या लोकांना ते कळलंच पाहिजे. चाकांवर फिरणारा वीस टनांचा साठा जगजाहीर असू शकतो, तर भिंतीआडचा का नाही? आणि तो तसा गुप्तही नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००३ मध्येच आदेश दिला होता की घातक रसायनं हाताळणाऱ्या कारखान्यांनी त्यांचं स्वरूप आणि प्रमाण फाटकाबाहेर फलकावर लिहावं. ते फलक आजही अनेक एमआयडीसींत उभे आहेत. कुठे रंग उडालाय, कुठे झाड वाढलंय, कुठे आकडे कोरे आहेत. म्हणजे घातपात करणाऱ्याला हवी ती माहिती फाटकावर आहे, आणि मावशींना हवी ती, म्हणजे काय करायचं ही, कुठेच नाही.

त्याही आधीचं एक उदाहरण आहे. ४ डिसेंबर १९८५ ला, भोपाळच्या वर्षपूर्तीच्या सुमारास, दिल्लीत श्रीराम फूड्स अँड फर्टिलायझर्समधून ओलियमची गळती झाली. त्या कारखान्याचा क्लोरीनचा प्लांट पुन्हा सुरू करायला फेब्रुवारी १९८६ मध्ये परवानगी देताना सर्वोच्च न्यायालयाने अटी घातल्या. क्लोरीनचा शरीरावर काय परिणाम होतो आणि लगेच काय उपचार करायचे, याचे इंग्रजी-हिंदी तक्ते फाटकावर लावा. आसपासच्या रहिवाशांना वेळेवर इशारा आणि सूचना देता याव्यात म्हणून कारखान्याभोवती ध्वनिक्षेपक बसवा. इशारा आणि सूचना, दोन्ही. हे सगळं न्यायालयाला तेव्हाच सुचलं होतं.

गुप्ततेमुळे सुरक्षितता वाढत नाही हे अमेरिकेतल्या टेक्सासमध्येही दिसलं. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वी वादळाच्या पुरात क्रॉस्बी इथल्या आर्केमा कंपनीच्या कारखान्याची वीज गेली. तिथे सेंद्रिय पेरॉक्साइडं थंड ठेवावी लागत. थंडावा गेला आणि ती पेटू लागली. दीड मैलाच्या परिघातल्या दोनशेहून अधिक लोकांना घर सोडावं लागलं, २१ जणांना वैद्यकीय उपचार घ्यावे लागले. साठ्याची पूर्ण यादी जाहीर करायला कंपनीने त्या दिवसांत नकार दिला होता. धुरात जाणाऱ्या पोलिसांनाही आपण कशात श्वास घेतोय याची कल्पना नव्हती. अमुदानमध्येही पेरॉक्साइडच होतं, हे आठवलं की माझ्या अंगावर काटा येतो.

‘वस्ती नंतर आली’ या युक्तिवादावर फार वेळ घालवायची माझी इच्छा नाही. डोंबिवलीतला निवासी विभाग एमआयडीसीनेच आखला. माहुलमध्ये, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी, प्रकल्पग्रस्तांना सरकारी यंत्रणांनीच नेऊन ठेवलं, आणि त्याविरुद्ध त्यांना उच्च न्यायालयात लढावं लागलं. आणि समजा एखादी झोपडपट्टी खरोखरच अनधिकृतपणे नंतर आली असेल, तरी क्लोरीन सातबारा बघून घरात शिरत नाही. आणीबाणीची योजना आहे त्या माणसांसाठी करायची असते.

स्थलांतराचं मात्र नीट बोलायला हवं, कारण ते ऐकायला फार बरं वाटतं. डोंबिवलीतले धोकादायक कारखाने हलवण्याच्या घोषणा अमुदानच्या स्फोटाआधीही झाल्या होत्या, पाताळगंगेचं नावही घेतलं गेलं होतं. पाताळगंगेच्या आसपास माणसं राहत नाहीत का? महाडला, तारापूरला, लोटे परशुरामला काय झालं हे आपण वर्तमानपत्रात वाचत आलो आहोत. दाट वस्तीतून धोका हलवावा, याला माझा पाठिंबा आहे. पण हलवेपर्यंत वर्षं जातात आणि तोवर लोक तिथेच असतात. हलवल्यावर नव्या जागी पुन्हा तीच फाइल, तेच कपाट, तीच कुंपणापाशी संपणारी योजना असेल, तर आवाज असलेल्या शहरी मध्यमवर्गाकडून धोका उचलून आवाज नसलेल्या गावकऱ्यांच्या दाराशी ठेवला, एवढंच होईल.

नियमांतही एक भोक आहे, ते मान्य करायला हवं. मोठ्या अपघाताचा धोका असलेला कारखाना ठरवण्यासाठी साठ्याच्या मर्यादा आखलेल्या आहेत: मिथाइल आयसोसायनेटसाठी १५० किलो, क्लोरीनसाठी १० टन, अमोनियासाठी ६० टन, अशा. मर्यादेखालचे छोटे कारखाने या जाळ्यातून बरेचसे निसटतात. पण एमआयडीसीत एकाला एक लागून असलेल्या छोट्या प्लॉटांवर एकाची आग दुसऱ्याच्या ड्रमांपर्यंत जायला भिंतीची अडचण फारशी होत नाही. आणि कधी कधी तर कारखानाही नसतो. १४ जुलै २०१० ला शिवडीच्या हाजी बंदरावर वर्षानुवर्षं बेवारस पडलेल्या सिलिंडरांमधून क्लोरीन गळलं आणि शंभराच्या आसपास माणसं रुग्णालयात गेली. त्या सिलिंडरांची आपत्कालीन योजना कोणाच्या कपाटात होती?

करायचं काय, याबद्दल मतभेद असायचं कारण नाही. परिसरातल्या प्रत्येक घरात मराठी आणि हिंदीतलं एक पान, भिंतीवर लावता येईल असं: शेजारच्या कारखान्यात काय आहे, भोंग्याचा कोणता आवाज म्हणजे काय, घरात थांबायचं की निघायचं, कोणत्या दिशेने, कोणत्या शाळेत जमायचं. सराव महिन्यातल्या कुठल्याही रात्री, न सांगता, वस्तीसकट. धोक्याच्या खोलीत आधी शिरतात ते अग्निशमन दलाचे जवान. त्यांच्या हाती रसायनांची यादी आधीच असायला हवी. ३ सप्टेंबर २०१९ ला उरणच्या ओएनजीसी प्रकल्पातल्या आगीत अग्निशमनाच्या जवानांचेच प्राण गेले, हे विसरता कामा नये. ठाणे-बेलापूर, पाताळगंगा अशा पट्ट्यांत कारखान्यांनी एकमेकांच्या मदतीसाठी जे गट बांधले आहेत, त्यांच्याकडे प्रशिक्षित माणसं आहेत. आग विझवायला ती शेजारच्या कारखान्यात धावतातच. तीच माणसं वर्षातून दोनदा शेजारच्या शाळेत जाऊ शकतात. खर्च फारसा नाही.

मावशींना मी उत्तर दिलं ते चार वर्षांनी, निवृत्तीच्या आदल्या महिन्यात, वस्तीतल्या समाजमंदिरात, सतरंजीवर बसून. कंपनीची परवानगी नव्हती. वारा कसा ओळखायचा, नाल्याकडे का पळायचं नाही, ओलं फडकं कसं धरायचं, एवढंच सांगितलं. चाळीसेक माणसं होती. कोणी घाबरलं नाही. प्रश्न मात्र पुष्कळ विचारले, आणि सगळे नेमके: रात्रपाळीला नवरा आत असेल तर मी मुलांना घेऊन थांबू की निघू? म्हाताऱ्या सासूला वर कसं चढवू? नळाला पाणी नसेल त्या दिवशी फडकं कशात भिजवू? या प्रश्नांची तयारी आमच्या फाइलमध्ये कुठेच नव्हती.

तुमच्या घरापासून दोन-चार किलोमीटरवर असा कारखाना, गोदाम किंवा टाक्यांची रांग असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात एक अर्ज द्या. आमच्या भागाच्या ऑफसाइट प्लॅनमध्ये आम्हाला काय सूचना आहेत, त्याचा शेवटचा सराव कोणत्या तारखेला झाला, आणि भोंगा वाजला तर आम्ही काय करायचं, एवढं विचारा. अर्ज एकट्याने देऊ नका, सोसायटीच्या किंवा ग्रामपंचायतीच्या ठरावासह द्या. पोच घ्या. आणि उत्तर येईपर्यंत महिन्यातून एकदा तिथे जात राहा.